पोरी जेवल्यात

"नमस्कार. ऊन हाय, वारा न्हाई, पोरी जेवल्यात."

साळवे सरांच्या समालोचनाची सुरुवात कायम अशी व्हायची. मुलींच्या खो-खोचा सामना तालुक्याचा असो की जिल्ह्याचा, समोर कोणती शाळा आहे, नाणेफेक कोणी जिंकली, हे सगळं नंतर. आधी हवा, मग जेवण. जेवणात काय होतं तेही ते सांगत. "पिठलं-भाकरी होती. एकीने भाकरी अर्धी ठेवली, मी तिला केळं खायला लावलं." तोवर पंचांची शिट्टी वाजून मैदानात एखादी मुलगी बादसुद्धा झालेली असे. मी शेजारी मोबाईल धरून उभी असायची आणि कोपराने त्यांना ढोसायची. ते माझ्याकडे बघायचे, मैदानाकडे बघायचे आणि म्हणायचे, "हां, खेळ चालू झाला."

मी त्या शाळेत विज्ञान शिकवत होते. तिसगावच्या अलीकडे, रस्त्याला लागून शाळा. शिक्षकांमध्ये त्यातल्या त्यात बरा मोबाईल माझा, म्हणून कॅमेरा माझ्या गळ्यात पडला. समालोचन साळवे सरांच्या गळ्यात कसं पडलं ते सांगायला हवं, कारण खेळातलं त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं.

शलमोन साळवे आमचे चित्रकलेचे शिक्षक. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात खडीसाखरेची पुडी आणि दोन पेन्सिली. मैदानाशी त्यांचा संबंध फक्कीपुरता. सामन्याच्या आदल्या दिवशी पांढऱ्या फक्कीने मैदान आखायला क्रीडाशिक्षक दराडे सर त्यांना बोलावून न्यायचे, कारण दोरी न लावता सरळ रेघ मारणारा दुसरा माणूस शाळेत नव्हता. रेघा मारून झाल्या की साळवे सर मैदानाच्या कडेला राखणीला बसत. कोणी पोर जवळ आलं की म्हणत, "ए, लांबून जा. वाळू दे." फक्की वाळायची नसते हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगूनही उपयोग झाला नसता.

आमच्या पाथर्डी तालुक्यात दिवाळी झाली की गावं अर्धी होतात. माणसं ऊसतोडीला जातात, कोल्हापूरकडे, कऱ्हाडकडे, जिथे मुकादम नेईल तिथे. पोरं आजीकडे राहतात आणि शाळा करतात. आणि शालेय सामन्यांचा मोसमही नेमका त्याच महिन्यांतला. त्यामुळे आमच्या पोरी आईबापांच्या माघारीच खेळायच्या.

एका वर्षी शाळेसमोर ट्रॅक्टर उभे होते. ट्रॉलीत भांडी, पत्रे, शेळ्या, सगळा संसार चढत होता. आठवीतल्या मयूरीची आई सुमनबाई ढाकणे ट्रॉलीच्या कडेला उभी होती. साळवे सर तिथून चालले होते. त्यांना बघून ती म्हणाली, "सर, मयूरी यंदा संघात हाय म्हनं. आमाला काय तिचा खेळ दिसायचा न्हाई."

तक्रार अशी नव्हती. बाजाराला जाताना सहज बोलावं तशी ती बोलली आणि पत्रा चढवायला लागली. साळवे सरांनी पत्र्याचं दुसरं टोक धरलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, तुमच्या मोबाईलमधनं कोल्हापूरकडं दिसंल का?"

"काय दिसेल?"

"आपल्या पोरी."

मी म्हटलं, दिसेल, थेट प्रक्षेपण करता येतं. दराडे सरांनी चॅनेल काढायला मदत केली आणि वर बजावलं, "समालोचन मात्र नीट झालं पाहिजे, नियम कळणारा माणूस बसवा." असा माणूस म्हणजे ते स्वतः, पण त्यांना संघाजवळ थांबावं लागायचं. राहिले साळवे सर, जे नाहीतरी फक्कीच्या रेघा राखत तिथेच बसलेले असायचे.

अशी आमची ही जोडी जमली. लाकडी खुर्चीवर ते, बाजूला मी, आणि आमच्यामध्ये त्यांची खडीसाखर.

त्यांना स्कोर सांगता यायचा नाही. कुठली पाळी चालू आहे याचाही त्यांचा घोळ व्हायचा. पण पोरी मात्र त्यांना बारकाईने दिसायच्या. कुणाची रिबन नवी, कुणाच्या गुडघ्याची खपली पडली, कुणी वेण्या आज स्वतः घातल्यात म्हणून एक वर एक खाली. "राणीचा खोकला गेला. राणीच्या आईने ऐकलं असंल तर काळजी सोडा." हे असं मध्येच. दराडे सर पलीकडून हातवारे करायचे, स्कोर सांगा, स्कोर. एकदा कुण्या जुन्या खेळाडूने खाली कॉमेंट टाकली की समालोचन करताय की हळदीकुंकू? मी ती वाचून दाखवली. सर थेट माईकमध्ये म्हणाले, "स्कोर फळ्यावर लिवलेला हाय, मॅडम मधून मधून फळा दाखवतील. मी पोरी दाखवतो."

दराडे सरांचं दुसरं दुखणं भाषेचं. "सर, शाळेचं नाव जातंय बाहेर. वर्गात बोलता तसं शुद्ध बोला."

"ज्यांच्यासाठी बोलतोय ते असंच बोलत्यात," साळवे सर म्हणाले आणि विषय संपला.

उसाच्या फडात नेटवर्क धड नसायचं. चित्र अडकायचं, पोरी निळ्या कपड्यांतल्या ठिपक्यांएवढ्या दिसायच्या, पण आवाज बहुतेक वेळा पोचायचा. एकेका मोबाईलभोवती पाच-सहा बाया बसायच्या, असं नंतर कळलं. म्हणजे त्यांचं बघणं खरं तर ऐकणंच होतं. साळवे सर सांगतील तशी त्यांना आपापली पोर दिसायची.

किती नीट दिसायची, ते आम्हांला ऋतुजा पालवेच्या स्वेटरने कळलं. डिसेंबरातली सकाळ, आमच्याच मैदानावर सामना. ऋतुजा नुसत्या टी-शर्टवर आली होती. साळवे सरांनी ते लगेच प्रसारित केलं. "ऋतुजाने स्वेटर आणलेला न्हाई. विचारलं तर म्हणती थंडी न्हाई. ओठ निळे पडलेत. मी रंग शिकवतो, मला निळा कळतो."

पोरी बसलेल्या, एकीने पाठलाग चालवलेला, सामना ऐन रंगात. आणि शाळेच्या फाटकातून ऋतुजाची आजी आली. फडातून बापाने फोन केला असणार. आजीने इकडे तिकडे पाहिलं नाही. ती सरळ मैदानात शिरली, रांगेत उकिडव्या बसलेल्या नातीपाशी गेली आणि तिच्या डोक्यातून स्वेटर खाली ओढला. पंचांनी शिट्टी मारली. समोरच्या शाळेचे शिक्षक ओरडायला लागले. आजी त्यांना म्हणाली, "चालू द्या तुमचं, माझं झालं," आणि आली तशी निघाली.

आमच्याकडे माईकवर एवढंच ऐकू आलं, "आजी आल्यात. स्वेटर मरून रंगाचा. रेघ मोडली, पण असू द्या."

पंचसुद्धा हसले. दराडे सर त्या दिवशी पहिल्यांदा साळवे सरांवर हसले, म्हणजे हसू आवरण्यासाठी पाठमोरे झाले.

बाकी कशातही ढिलाई चालायची, पण सरांचा एक नियम काळ्या दगडावरची रेघ होता. मुलीने काही चांगलं केलं की तिचं नाव घ्यायचं, आडनावासकट, दोनदा. चुकलं, बाद झाली, पडली, की नाव घ्यायचं नाही. मग ती फक्त "आपली एक मुलगी". "आपली एक मुलगी परत आली, दमली असंल." बाद हा शब्दसुद्धा त्यांच्या तोंडून क्वचितच यायचा.

मी एकदा विचारलं, एवढं काय त्यात? खेळ आहे, बाद होणारच.

तेव्हा त्यांनी लहानपणची गोष्ट सांगितली. त्यांच्या गावच्या चर्चमध्ये नाताळचं नाटक होतं. शलमोनला देवदूताचं काम. मेंढपाळांसमोर येऊन "भिऊ नका" एवढं म्हणायचं आणि पुढचा निरोप सांगायचा. पांढरं सोंग घालून पोरगं आलं, समोर गच्च भरलेलं चर्च पाहिलं आणि उभं राहिलं. शब्द फुटेना. सूत्रसंचालन करणाऱ्या माणसाने कर्ण्यावरून जाहीर केलं, "शलमोन साळवे विसरलेला आहे." लोक हसले. कर्ण्याचा आवाज चार वाड्यांवर गेला. पुढे कितीतरी वर्षं गावात त्यांना मुका देवदूत म्हणत. लग्नातसुद्धा कुणीतरी म्हटलं.

"मॅडम, 'भिऊ नका' म्हणायचं होतं मला," सर हसत हसत म्हणाले, "आणि मीच भ्यालो. पण त्या माणसाने नाव घेतलं नसतं, तर घरी जाऊन विसरलो असतो."

मला तो नियम आवडला. खरं सांगायचं तर मी वर्गातही तो थोडाफार पाळायला लागले. पुढे मिरजगावला त्याच नियमाने आम्हांला चांगलाच इंगा दाखवला.

मिरजगावला जिल्हा पातळीचे सामने होते. टेम्पो करून गेलो. मयूरी तेव्हा नववीत गेली होती आणि संघातली सगळ्यांत चपळ पोर झाली होती. खांबाजवळ समोरची मुलगी वळायला लागली की मयूरी एका हाताने खांब धरून अंग झोकून द्यायची आणि तिला गाठायची. साळवे सर या झेपेला "मयूरी ढाकणेचा सूर" म्हणत, दोनदा.

दुपारचं ऊन. आमच्या नऊच्या नऊजणी मैदानात, पाठलाग आमचा. लांबच्या खांबाशी मयूरीने सूर मारला आणि या वेळी हात निसटला. हनुवटी जमिनीवर आपटली. ती पालथी पडली आणि तशीच राहिली.

साळवे सर उभे राहिले. माईकमध्ये ते म्हणाले, "आपली एक मुलगी पडली. जोरात पडली. उठत न्हाई."

आणि माझ्या हातातला मोबाईल बंद पडला. उन्हाने इतका तापला होता की धरवत नव्हता. पडदा काळा. मी बटण दाबत राहिले. सर आणखी दोन-तीन वाक्यं बोलले आणि मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"बंद पडला?"

"हो सर."

"कुठवर गेलं?"

"उठत नाही, इथवर."

सर मटकन खुर्चीत बसले.

तिकडे मयूरीच्या तोंडावर पाणी मारल्यावर तिने डोळे उघडले होते. हनुवटी फाटली होती, रक्त येत होतं. दराडे सर तिच्याजवळ गुडघ्यावर बसले होते. तिने पहिला प्रश्न विचारला, "सर, ती आऊट झाली का?" दराडे सरांना रडू फुटलं. मैदानावर डॉक्टर होते, त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, हातपाय हलवायला लावले, चिकटपट्टी लावली, म्हणाले, डोक्याला काही नाही, टाके घालू, पोर ठीक आहे.

पण ते आम्हांला कळलं होतं. फडात काय कळलं होतं? पडली, जोरात पडली, उठत नाही. कोण, ते नाही.

मैदानाच्या कडेला पाण्याचा माठ होता. मी मोबाईल ओल्या रुमालात धरून माठाला टेकवला आणि थंड व्हायची वाट बघत बसले. सरांचा स्वतःचा मोबाईल बटणांचा, त्यात दोन-चारच नंबर. तेवढ्यात आमच्या टेम्पोचा ड्रायव्हर रस्त्याच्या बाजूने पळत आला. दराडे सरांचा फोन टेम्पोत राहिला होता, तो त्याच्या हातात होता.

"सर, कवाधरनं वाजतोय. मी उचलला, तर बायामाणसं नुसती रडत्यात."

फोन त्याच्या हातातच पुन्हा वाजला. साळवे सरांनी घेतला. सुमनबाई होती. आवाज इतका मोठा की मला शेजारी ऐकू येत होता.

"सर, कोन पडलं?"

सरांनी श्वास घेतला. "मयूरी पडली. पण ती बरी हाय. हनुवटीला लागलंय, बाकी काही न्हाई. बोलती हाय, चालती हाय."

मग ती म्हणाली, "तुमी आमाला कायम चांगलंच सांगता सर. वाईट तुमच्या तोंडून आमी कधी ऐकलंच न्हाई. आता बरी हाय म्हनताय, त्ये खरं कशावरनं?"

साळवे सर फोन कानाला धरून माझ्या काळ्या पडद्याकडे बघत राहिले.

माठाला टेकवलेल्या मोबाईलचा पडदा उजळला तेव्हा मी देवाचे आभार मानले, माझ्या देवाचे आणि सरांच्याही. तोवर पाळी संपून मध्यंतर झालं होतं. सर मैदानाकडे धावले. धावणं त्यांना शोभत नव्हतं, पण धावले. नऊही जणींना त्यांनी फक्कीच्या रेघेवर ओळीने उभं केलं आणि मला म्हणाले, "चालू करा. जवळनं दाखवा."

मी चालू केलं. माईक न धरताच ते बोलायला लागले.

"पडली ती मयूरी ढाकणे. मयूरी ढाकणे. ही बघा उभी हाय. मयूरे, बोल."

मयूरी चिकटपट्टीमागून म्हणाली, "आये, मी बरी हाय. रडू नको."

"ही राणी दहिफळे. पडलेली न्हाई. ही ऋतुजा पालवे, पडलेली न्हाई." एकेकीचं नाव घेत ते रांगेने चालले आणि मी त्यांच्या मागे मोबाईल घेऊन. पोरी आपापलं "मी बरी हाय" म्हणत होत्या. पडद्यावर खाली अक्षरं यायला लागली. कुणीतरी लिहिलं होतं, पाठ दाखवा. मी वाचून दाखवलं. सर थबकले, मग त्यांना कळलं. डोक्याला मागून लागलंय आणि आपल्यापासून लपवतायत, अशी शंका कुणाच्या तरी आईला आली होती. "गिरकी घ्या गं पोरींनो," ते म्हणाले. "हळू. एकेक."

मग आमच्या नऊ पोरींनी मिरजगावच्या मैदानावर हात जरा लांब धरून एकेक गिरकी घेतली. वेण्या, पाठ, टाचा, सगळं दाखवलं. समोरचा संघ पाणी प्यायचं सोडून बघत राहिला. मयूरी सगळ्यांत शेवटी पुन्हा एकदा फिरली, कारण तिच्या आईने तसं लिहिलं होतं.

सामना आम्ही हरलो. किती गुणांनी, ते दराडे सरांना माहीत असेल. परतीच्या टेम्पोत पोरी टाके घातलेल्या मयूरीला मध्ये बसवून गाणी म्हणत होत्या आणि मला इतकं हलकं वाटत होतं की मीही टाळ्या वाजवत होते. साळवे सर ड्रायव्हरशेजारी बसले होते. उतरताना म्हणाले, "मॅडम, चुकलं माझं. नाव न घेऊन मी पोरीला झाकलं आणि सगळ्यांना भीती वाटून टाकली."

पुढे हंगाम संपून माणसं परत आली तेव्हा सुमनबाई शाळेत आली. काकवीची बरणी घेऊन आली होती. सरांना म्हणाली, "कुनाची पडली त्ये ठावं नव्हतं, म्हनून सगळ्यांचीच पडली हुती सर. मी तर फड सोडून सडकेच्या निम्म्या वाटंपत्तुर चालत गेले हुते, बाया माझ्या मागनं, कुठं जायाचं त्ये बी ठावं न्हाई. आन तुमी मयूरीचं नाव घेतलं, तवा बाकीच्या बाया हसल्या बी आन रडल्या बी. मग मलाच धरून बसल्या. मोप लाजल्या बिचाऱ्या."

सरांनी मान डोलावली. काकवीची बरणी घेतली.

त्यानंतर नियमाला पुस्ती जोडली गेली. चुकलेल्याचं नाव नाहीच, पण पडलेल्याचं नाव सगळ्यांत आधी. आणि सामन्याच्या मध्यंतरात सगळ्या पोरींची नावं आणि गिरकी. ही गिरकी मग आमच्या शाळेची ओळखच झाली. दुसऱ्या शाळांच्या पोरी आधी हसायच्या, मग त्याही येऊन आमच्या कॅमेऱ्यासमोर फिरून जायच्या, कारण त्यांच्यातही कुणाचे तरी आईबाप कुठेतरी फडात होतेच. साळवे सर त्यांचीही नावं विचारून घ्यायचे. आणखी एक बदल झाला. सरांच्या खुर्चीला उन्हासाठी काळी छत्री बांधलेली असायची, ती मोबाईलवर आली. सावली मोबाईलला, ऊन सरांना.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. आमच्या संस्थेच्या शाळा जिल्हाभर, त्यातली मला मिळाली ती अकोले तालुक्यातल्या डोंगरातली. कुठे पाथर्डीचं माळरान आणि कुठे ही भातखाचरं. निघताना सरांनी मला मी मोबाईल धरून उभी असल्याचं चित्र काढून दिलं. त्यात चेहरा नव्हता, नुसता कोपर होता, ढोसणारा.

मधून मधून फोन व्हायचा. दिवाळीत केला तेव्हा त्यांचा आवाज बसलेला वाटला. मी विचारलं तर म्हणाले, "खडीसाखर संपलीय." पुढे दोनदा केला, उचलला गेला नाही. दराडे सरांना विचारलं तर ते "ठीक आहेत, ठीक आहेत" म्हणाले आणि दुसरंच काही बोलायला लागले. दराडे सरांना खोटं बोलता येत नाही. मला रात्रभर चुटपुट लागून राहिली.

आमच्या या गावात नेटवर्क एकाच ठिकाणी मिळतं, जीपगाड्या थांबतात तिथल्या पारावर. डिसेंबरातल्या एका दुपारी मधल्या सुट्टीत मी तिथे जाऊन चॅनेल लावलं. जुनं मैदान, सरळ पांढऱ्या रेघा. म्हणजे रेघा मारणारा माणूस होता. मग आवाज आला.

"नमस्कार. ऊन हाय, वारा बी हाय, पोरी जेवल्यात."

आवाज मयूरीचा. ती आता अकरावीत, शाळेच्या पोरींना सराव द्यायला येत होती हे मला ठाऊक होतं. ती छान बोलत होती. स्कोरसुद्धा सांगत होती, अगदी वेळच्या वेळी. दराडे सरांना किती बरं वाटत असेल. मला मात्र त्या स्कोरने धडकी भरली.

खाली अक्षरं येत होती. सर कुठं हायत? आज सरांचा आवाज न्हाई का? सर आजारी हायत का? सुमनबाईचं नाव दिसलं. तिने लिहिलं होतं, मयूरे, सरांचं सांग. मयूरी खेळाचंच सांगत राहिली. मीही लिहिलं, सर कसे आहेत? माझा प्रश्न बाकीच्यांच्या प्रश्नांत मिसळून वर सरकत गेला. मिरजगावला बायांना काय झालं असेल ते मला त्या पारावर बसून पहिल्यांदा नीट कळलं. बोलणारं माणूस नेमकं तेवढंच गाळतंय, हे किती भीतीचं असतं.

मध्यंतर झालं. नव्या पोरींची नावं झाली, गिरक्या झाल्या. शेवटची पोर फिरून झाली आणि चित्र थोडं हललं. पडद्यासमोर एक हात आला, नको नको म्हणणारा. बोटांना फक्की होती.

मयूरी म्हणाली, "सरांनी सांगितलंय, त्यांचं नाव घ्यायचं न्हाई. कागदावर लिवून सांगितलंय. पन पडलेल्याचं नाव आधी घ्यायचं, हे बी त्यांनीच शिकवलंय."

आणि तिने मोबाईल वळवला.

छत्रीची सावली सोडून, उन्हात, तीच लाकडी खुर्ची. गळ्याला मफलर. सर आणखी वाळले होते. कॅमेऱ्याकडे न बघता ते मयूरीकडे रागाने बघत होते, पण त्यांचा राग मला माहीत आहे.

"साळवे सर," मयूरी म्हणाली. "साळवे सर. घशाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, ती साधी निघाली. डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय, थोडे दिवस. मग बोलतील. आज मऊ भात खाल्लाय. खोटं न्हाई सांगत, आये. मी बघितलंय खाताना."

मग ती सरांना म्हणाली, "सर, गिरकी."

सरांनी मान हलवली. बाजूच्या पोरी हसायला लागल्या. "गिरकी, सर, गिरकी." सर उठले. एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला, मग तोही सोडला. हात अंगापासून जरा लांब धरले, पोरी धरतात तसे, आणि हळूहळू फिरायला लागले. मफलरचं टोक दिसलं, पाठ दिसली, पँटला मागे लागलेली फक्की दिसली. खाली कुणीतरी लिहिलं, पाठ दिसली, बरं हाय. सुमनबाईने लिहिलं, देवा. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी पारावर एकटीच हसत होते. जीपवाला विचारत होता, "मॅडम, काय झालं?"

तेवढ्यात नेटवर्क गेलं. पण तोवर सर पूर्ण फिरले होते.